मुखवट्याआडचा न्याय
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जमीनधारणा, कामगार कायदे, सहकारी चळवळ असे विषय अभ्यासवर्गापुढे असताना, मुखवटे चढवून दुष्टांचे पारिपत्य करणाऱ्या वीरांच्या एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेसाठी वेळ का खर्चावा, अशी शंका काही कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर एवढेच की, न्याय म्हणजे काय आणि तो कोण मिळवून देतो, ही समजूत सामान्य माणसाच्या मनात राज्यघटनेतून किंवा पक्षाच्या जाहीरनाम्यातून तयार होत नाही. ती लहानपणापासून ऐकलेल्या, वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींतून तयार होते. ज्या समाजात त्रात्याच्या गोष्टी फार लोकप्रिय असतात, त्या समाजात लोकांचा स्वतःच्या सामर्थ्यावरचा विश्वास कोठे तरी खचलेला असतो. म्हणून अशा गोष्टींची चिकित्सा हा राजकीय शिक्षणाचाच एक भाग ठरतो.

मुखवटाधारी त्राता मराठी वाचकाला अपरिचित नाही. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो ‘वेताळ’ या नावाने मराठी घरांत शिरला. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला हा वीर कवटीच्या गुहेत राहतो. बापाचा मुखवटा मुलगा चढवतो, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि अरण्यातील लोक त्याला अमर समजतात. त्याच्या पराक्रमाने भारावलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांना असा प्रश्न पडला असेल की, अरण्यातील त्या लोकांना स्वतःच्या रक्षणासाठी एक गोराच माणूस का लागावा आणि न्यायदानाचे काम एकाच घराण्याकडे वंशपरंपरेने का असावे? हाच प्रश्न, आठ दशकांनंतर, एका मालिकेने अमेरिकेच्या भूमीवर आणि अमेरिकेच्याच इतिहासाच्या संदर्भात विचारला. ती मालिका म्हणजे ‘वॉचमेन’. एचबीओ या वाहिनीवर २०१९ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तिचे नऊ भाग प्रसारित झाले. ती मुलांसाठी नाही. तीत रक्तपात आहे. परंतु तो करमणुकीपुरता नाही.

मालिकेकडे वळण्यापूर्वी या वीरकथांचे कूळ थोडे पाहिले पाहिजे. ‘सुपरमॅन’ हा या कुळाचा मूळ पुरुष. महामंदीच्या काळात, १९३८ साली, क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन तरुणांची ही निर्मिती वाचकांपुढे आली. पहिल्या काही अंकांतील सुपरमॅन पुढच्या काळातील सुपरमॅनहून बराच वेगळा होता. निरपराध स्त्रीला मृत्युदंडापासून वाचवणारा, बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवणारा, खाणीतील सुरक्षेची हेळसांड करणाऱ्या मालकाला त्याच खाणीत कोंडून मजुराचे भय काय असते ते अनुभवायला लावणारा असा तो होता. मंदीने गांजलेल्या समाजाची न्यायाची भूक त्या पानांतून बोलत होती. मात्र या निर्मितीचे सर्व हक्क प्रकाशकाने दोघांकडून अवघ्या १३० डॉलरना घेतले. पुढे त्यावर अमाप संपत्ती उभी राहिली आणि निर्माते हलाखीत राहिले. १९७५ साली त्यांना प्रत्येकी वीस हजार डॉलरचे वार्षिक वेतन आणि श्रेयनामावलीत नाव मिळाले, ते सहव्यवसायी चित्रकारांनी जाहीर मोहीम चालवली म्हणून. दुर्बलांचा कैवार घेणारा वीर ज्यांनी घडवला, त्यांच्या मदतीला तो वीर आला नाही. त्यांच्याच धंद्यातील माणसे आली. ही गोष्ट कार्यकर्त्याने विसरू नये.

‘वॉचमेन’ ही मूळ चित्रकथा इंग्लंडमधील लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी रचली. १९८६ आणि १९८७ या वर्षांत तिचे बारा अंक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पहारेकऱ्यांवर पहारा कोणाचा, या जुन्या रोमन प्रश्नाभोवती ती फिरते. मुखवट्याआडून न्याय देणारी माणसे प्रत्यक्षात अस्तित्वात असती तर ती कशी असती, असे मूर यांनी विचारले आणि उत्तरादाखल जी माणसे उभी केली, ती अहंकारी, भयग्रस्त, क्रूर किंवा सत्तेची चाकरी करणारी निघाली. या कथेत पोलीस संपावर जातात, जनता रस्त्यावर येते आणि १९७७ साली सिनेटर कीन यांच्या नावाचा कायदा होऊन अशा स्वयंघोषित रक्षकांवर बंदी येते.

डेमन लिंडेलॉफ यांनी मालिका करताना मूळ कथा पुन्हा चित्रित केली नाही. तिच्या काल्पनिक जगात पुढची चौतीस वर्षे गेली असे मानून त्यांनी नवी कथा रचली आणि तिचा आरंभ काल्पनिक नव्हे, तर खऱ्या घटनेपासून केला. मालिकेच्या पहिल्याच प्रसंगात १९२१ सालच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहर दिसते. एक कृष्णवर्णीय मुलगा चित्रपटगृहात मूकपट पाहत आहे. पडद्यावर बास रीव्हज हा कृष्णवर्णीय मार्शल एका गोऱ्या गुन्हेगाराला पकडतो आणि जमावाने परस्पर शिक्षा करू नये, कायद्यावर विश्वास ठेवावा, असे त्या मुलाचा हा नायक सांगतो. बाहेर मात्र त्याच क्षणी गोऱ्यांचा जमाव वस्तीला आग लावत आहे. आईबाप मुलाला एका वाहनातून कसेबसे बाहेर काढतात आणि स्वतः मागे राहतात. ही घटना खरोखरच घडली होती, हे अनेक अमेरिकन प्रेक्षकांना त्या रात्री प्रथमच समजले. लिंडेलॉफ यांनाही ती शाळेत कोणी शिकवली नव्हती; ता-नहासी कोट्स यांनी २०१४ साली लिहिलेल्या, नुकसानभरपाईच्या हक्कावरील दीर्घ लेखातून ती त्यांना कळली.

ती घटना नेमकी काय होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. टल्सातील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती होती. दुकाने, खाणावळी, वृत्तपत्रे, दवाखाने, चित्रपटगृह आणि चर्च असे सर्व काही तेथील लोकांनी स्वकष्टाने उभारले होते. ३० मे १९२१ रोजी बुटांना पॉलिश करणाऱ्या डिक रोलंड या तरुणावर, उद्वाहन चालवणाऱ्या एका गोऱ्या मुलीशी गैरवर्तन केल्याचा संशय घेण्यात आला. दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्राने आगीत तेल ओतले आणि न्यायालयाबाहेर गोऱ्यांचा जमाव जमला. रोलंडला जमावाने फासावर लटकवू नये म्हणून ग्रीनवुडमधील काही माणसे, त्यांत पहिल्या महायुद्धात लढून आलेले सैनिकही होते, तेथे गेली. त्या रात्रीपासून १ जूनच्या दुपारपर्यंत वस्तीवर हल्ला झाला. सुमारे पस्तीस चौकांचा परिसर जळून गेला. बाराशेंहून अधिक घरे खाक झाली. गोऱ्या नागरिकांना पोलिसांनीच तात्पुरते अधिकार बहाल केले होते. हजारो कृष्णवर्णीयांना छावण्यांत डांबण्यात आले. अधिकृत नोंदीत मृतांचा आकडा ३६ असा राहिला. २००१ साली राज्याने नेमलेल्या आयोगाच्या अहवालात तो शंभर ते तीनशेच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे. रोलंडवरील आरोप पुढे मागे घेण्यात आला. जाळपोळ आणि हत्या करणाऱ्या एकाही गोऱ्या माणसाला शिक्षा झाली नाही.

यात शब्दांचेही राजकारण होते. या प्रकाराला ‘दंगल’ असे नाव दिले गेले. विम्याच्या करारात दंगलीत झालेल्या नुकसानीची भरपाई वगळलेली असल्यामुळे विमा कंपन्यांनी ग्रीनवुडच्या लोकांचे दावे फेटाळले. एका शब्दाने मारेकऱ्यांचा अपराध दोन्ही बाजूंत वाटला गेला आणि त्याच शब्दाने पीडितांची भरपाईही बुडाली. ‘हत्याकांड’ हा शब्द सरकारी व्यवहारात रूढ व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आता मालिकेतील त्या मुलाकडे येऊ. तो मोठा होतो, पडद्यावरील नायकाचे आडनाव घेऊन विल रीव्हज होतो आणि १९३८ साली, म्हणजे सुपरमॅन जन्मला त्याच वर्षी, न्यूयॉर्कच्या पोलीस दलात भरती होतो. कायद्यावर विश्वास ठेवा, हा लहानपणचा संदेश तो खरा मानतो. एका ज्यू माणसाचे दुकान जाळणाऱ्या गोऱ्या इसमाला तो पकडून आणतो. त्याचेच सहकारी त्या इसमाला सोडून देतात. मग तेच सहकारी विलच्या डोक्यावर बुरखा चढवून त्याला झाडाला टांगतात आणि प्राण जाण्यापूर्वी दोर कापून खाली सोडतात. गळ्यात तो दोर आणि हातात तो बुरखा घेऊन घरी परतताना एका जोडप्यावर गुंड हल्ला करताना दिसतात. विल तोच बुरखा चढवतो आणि त्यांना वाचवतो. मूळ चित्रकथेतील पहिला मुखवटाधारी वीर ‘हूडेड जस्टिस’, म्हणजे बुरखाधारी न्याय, याच्या बुरख्यामागे कोण आहे हे मूर यांनी नक्की सांगितले नव्हते. मालिका सांगते की तो एक कृष्णवर्णीय पोलीस होता आणि त्याचा वेश म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाशीचे सामान होते. एवढे करूनही त्याला बुरख्याच्या भोकांतून दिसणारी डोळ्यांभोवतीची कातडी पांढऱ्या रंगाने रंगवावी लागते, कारण वाचवणारा गोरा आहे असे वाटले तरच लोक त्याला वीर म्हणतील. वेताळाच्या गोष्टीने जे गृहीत धरले होते, ते या एका तपशिलात उघडे पडते. पुढे इतर मुखवटाधारी वीर त्याला आपल्या टोळीत घेतात. परंतु कृष्णवर्णीयांविरुद्धच्या संघटित कटाचा मुकाबला करण्यास मदत मागताच त्यांना तो प्रश्न आपला वाटत नाही.

मालिकेच्या वर्तमानकाळातील, म्हणजे २०१९ मधील टल्सात, पोलीसच मुखवटे घालतात. वंशद्वेष्ट्यांच्या एका टोळीने नाताळच्या आदल्या रात्री पोलिसांच्या घरांवर हल्ले केल्यानंतर त्यांची ओळख लपवण्याचा कायदा झाला आहे. रेजिना किंग यांनी साकारलेली अँजेला एबार ही कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी मुखवटा चढवून संशयितांना घराबाहेर खेचते, झोडपते आणि कबुलीजबाब मिळवते. संशयित वंशद्वेष्टे असल्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती प्रथम तिच्याकडे जाते. तेथेच मालिका प्रेक्षकाला पकडते. मुखवटा घातलेला पोलीस आणि मुखवटा घातलेला स्वयंघोषित रक्षक यांत फरक काय, या प्रश्नाला मालिकेतील कोणापाशीही उत्तर नाही. हा मुखवट्याचा कायदा आणणारा सिनेटर, ज्या सिनेटर कीन यांच्या नावाने मुखवट्यांवर बंदी आली त्यांचाच मुलगा आहे आणि शेवटी तोच वंशद्वेष्ट्या टोळीचा सूत्रधार निघतो. बापाने खासगी माणसांच्या तोंडावरचा मुखवटा काढला. मुलाने तो सरकारच्या तोंडावर चढवला. जबाबदारी टाळणारी सत्ता, मग ती कोणाच्याही बाजूने वापरली जावो, अखेर कोणाच्या हाती जाते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. पीडितांच्या बाजूने आहे म्हणून बेजबाबदार बळाला मान्यता देणाऱ्या पुरोगामी माणसांनी या ठिकाणी थांबून विचार करावा.

मात्र मालिकेची स्तुती करून थांबणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. तिच्या उणिवा दोन आहेत. पहिली अशी की, या कथेत वंशद्वेष्ट्यांच्या संघटना आहेत, पोलिसांची संघटना आहे, अब्जाधीशांचे कट आहेत. नाही ती सामान्य माणसांची संघटना. हत्याकांडातील पीडितांच्या वंशजांना करमाफी देणारे उदार सरकार आहे, परंतु तो हक्क लोकांनी लढून मिळवला असे कोठेच दिसत नाही. वरून आलेल्या न्यायाला खालून आधार नसतो आणि त्याविरुद्ध द्वेष चेतवणे सोपे जाते, हे मालिका दाखवते. पण पर्याय दाखवत नाही. शेवटी देवासारखे सामर्थ्य असलेल्या एका पुरुषाची शक्ती अँजेलाकडे येते की काय, या प्रश्नावर पडदा पडतो. शक्ती चुकीच्या हातांतून योग्य हातांत गेली म्हणजे झाले, अशी समजूत त्यामुळे होऊ शकते. त्या देवतुल्य पुरुषाविषयी म्हातारा विल म्हणतो की, तो माणूस भला होता, पण त्याच्यापाशी जे सामर्थ्य होते ते पाहता त्याने आणखी करायला हवे होते. या वाक्यात त्रात्याच्या कल्पनेवरील टीका आहे. शेवटच्या दृश्यात पुन्हा त्रात्याचीच आशा आहे.

दुसरी उणीव मालकीची आहे. मूळ कथेच्या निर्मात्यांशी झालेल्या करारात, पुस्तकाची छपाई थांबल्यावर हक्क त्यांच्याकडे परत येतील अशी तरतूद होती. प्रकाशकाने छपाई कधी थांबवलीच नाही. हक्कही परत आले नाहीत. मूर यांनी २००९ सालच्या चित्रपटाला आपले नाव लावू दिले नाही आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. या मालिकेच्या श्रेयनामावलीतही त्यांचे नाव नाही. मालिका आली तेव्हा प्रकाशनसंस्था आणि वाहिनी या दोन्ही एटी अँड टी या दूरध्वनी क्षेत्रातील महाकाय कंपनीच्या मालकीच्या होत्या. लुबाडल्या गेलेल्या वस्तीची कथा, हक्क गमावलेल्या निर्मात्यांच्या पात्रांतून, अशा कंपनीने विकावी, हा विरोधाभास लहान नाही. मग अशी कलाकृती त्याज्य मानावी काय? तसे मानण्याचे कारण नाही. भांडवलदार गिऱ्हाईक मिळेल ते विकतो. त्याने सत्य विकले म्हणून ते असत्य होत नाही. मात्र सत्य विकत घेऊन पाहिले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे ज्याला वाटते तो गिऱ्हाईकच राहतो.

मालिकेनंतर काय घडले, त्यावरून हे स्पष्ट होते. २०२० साली तिला अकरा एमी पुरस्कार मिळाले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मरण पावला आणि अमेरिकेत प्रचंड निदर्शने झाली. जूनमध्ये वाहिनीने मालिका तीन दिवस विनामूल्य दाखवली. २०२१ साली, हत्याकांडाला शंभर वर्षे होत असताना, १०७ वर्षांच्या व्हायोला फ्लेचर यांनी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली. हयात असलेल्या पीडितांनी भरपाईसाठी लावलेला दावा मात्र जून २०२४ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने अंतिमतः फेटाळला. मालिकेच्या काल्पनिक टल्सात भरपाई मिळून गेली होती. खऱ्या टल्सातील वृद्धांना न्यायालयाने रिकाम्या हातांनी परत पाठवले. पडद्यावर मिळालेला न्याय आणि कागदावर मिळालेला न्याय यांतील अंतर यापेक्षा वेगळे काय सांगावे?

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. दोन देशांतील पीडितांना परस्परांची भाषा दीडशे वर्षांपासून कळते आहे. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राजकारणातील विभूतिपूजेविषयी, ती अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा जो इशारा दिला, तो मुखवटाधारी वीरांच्या सर्व कथांना लागू पडतो.

म्हणून तरुणांच्या मंडळात ही मालिका दाखवली गेली, तर तिच्याबरोबर खऱ्या टल्साची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मालिकेतील वीरांना मुखवटे होते. त्या माणसाला नव्हता. बी. सी. फ्रँकलिन हे ग्रीनवुडमधील कृष्णवर्णीय वकील. वस्ती जळाल्यावर त्यांनी तंबूत कचेरी थाटली. जळालेल्या जागेवर अग्निरोधक बांधकामच करावे, असा नियम नगरपालिकेने केला होता. गरिबांना असे बांधकाम परवडणार नाही आणि जमीन आपोआप हातची जाईल, हा त्यामागील डाव होता. फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि जिंकले. लोकांनी आपली घरे पुन्हा उभारली. १९३१ साली त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या हत्याकांडाची हकिकत लिहून ठेवली. त्यांचा मुलगा जॉन होप फ्रँकलिन पुढे नामवंत इतिहासकार झाला आणि १९९७ साली नेमलेल्या टल्सा आयोगाला सल्लागार म्हणून लाभला. बापाने जागा वाचवली, मुलाने स्मृती वाचवली.

या कामात अद्‌भुत असे काही नव्हते. अर्ज, साक्षी, नोंदी, कज्जे आणि शेजाऱ्यांना धीर देणे, एवढेच होते. संपूर्ण न्याय त्यातूनही अद्याप आलेला नाही. परंतु ग्रीनवुडची जमीन त्या वेळी लोकांच्या हाती राहिली आणि हत्याकांडाची आठवण पुसली गेली नाही, ती याच कामामुळे. नऊ भागांची ती मालिका जी स्मृती घेऊन जगापुढे आली, ती आधी कोणीतरी तंबूत बसून जपली होती. त्रात्याची वाट पाहणाऱ्या समाजात कार्यकर्त्याचे काम हेच आहे.